सिलेटी

बांगलादेशाचा सिलेट विभाग (जुने नाव श्रीहट्ट) आणि आसामच्या दक्षिण टोकाचे बराक खोरे या सलग पट्ट्यात बोलली जाणारी पूर्व भारतीय-आर्य भाषा. बराक नदी आमलशीदजवळ फुटून सुरमा आणि कुशियारा होते. पुढे काही अंतर कुशियारा हीच भारत-बांगलादेशाची हद्द आहे. भारताच्या बाजूला करीमगंज (२०२४ पासून अधिकृत नाव श्रीभूमी), समोर बांगलादेशातले जकीगंज. दोन्ही घाटांवरची बोली एकच.

१८७४ मध्ये इंग्रजांनी आसामचा वेगळा प्रांत केला. त्याचे उत्पन्न तोकडे पडत होते, म्हणून बंगालमधला महसुलाचा सिलेट जिल्हा त्याला जोडला. १९०५ ते १९१२ या बंगालच्या फाळणीच्या काळात तो पूर्व बंगालबरोबर राहिला आणि नंतर पुन्हा आसामात गेला. ६ व ७ जुलै १९४७ रोजी सार्वमत झाले : पूर्व बंगालच्या, म्हणजे पाकिस्तानच्या, बाजूने २,३९,६१९ मते, आसामच्या बाजूने १,८४,०४१. चहाच्या मळ्यांतील मजुरांना मत नव्हते. जिल्हा पाकिस्तानात गेला. पाथारकांदी, राताबाडी, बदरपूर ही ठाणी आणि करीमगंज ठाण्याचा काही भाग एवढेच भारतात उरले.

ही बोली कानाला वेगळी लागते ती उच्चारांमुळे. ‘प’चा ‘फ’ होतो, म्हणून पाणी म्हणजे ‘फानी’. ‘क’ घशात घासून ‘ख’सारखा निघतो आणि शब्दारंभीच्या ‘स’चा बहुधा ‘ह’ होतो. साप तिथे ‘हाफ’ असतो. सर्वांत नवलाची गोष्ट महाप्राणांची, म्हणजे भ, घ यांसारख्या हकारयुक्त व्यंजनांची. ‘भात’मधला हकार गळतो आणि उरतो ‘बात’. पण ‘बात’ म्हणजे संधिवातही. मग फरक कसा कळतो? भाताचा ‘बा’ चढ्या सुरात म्हणतात. ‘घा’ (जखम) आणि ‘गा’ (अंग) यांनाही असाच सूर वेगळे ठेवतो. गळालेल्या हकाराची जागा सुराने घ्यावी, ही भारतीय-आर्य भाषांत विरळा आढळणारी घटना आहे. पंजाबीचे उदाहरण लगेच आठवते. प्रमाण बंगाली बोलणाऱ्याला अस्सल सिलेटी सहज उमगत नाही. त्यामुळे तिला नुसती ‘बंगालीची पोटबोली’ म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे वाटते.

तिची स्वतःची लिपीही होती : सिलेटी नागरी. अक्षरे जेमतेम तीसेक, जोडाक्षरे थोडी, म्हणून शिकायला सोपी. धार्मिक व प्रेमकथांच्या पोथ्या या लिपीत लिहिल्या जात, पुढे छापल्याही जात आणि घरोघरी मोठ्याने गाऊन वाचल्या जात. विसाव्या शतकात ती मागे पडली. २००५ मध्ये युनिकोडमध्ये तिला जागा मिळाली.

१९६० च्या आसाम राजभाषा कायद्याने असमिया एकमेव राजभाषा ठरताच बराक खोरे पेटले. १९ मे १९६१ रोजी सिलचर रेल्वे स्थानकावर सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि अकरा जणांचे प्राण गेले. त्यांत नुकतीच मॅट्रिकची परीक्षा दिलेली कमला भट्टाचार्य ही मुलगी होती. लढा बंगालीसाठी होता, आणि खोऱ्यातल्या बहुतेक बंगाली घरांत बोलली जात होती ती सिलेटी. पुढे खोऱ्यात बंगालीला राजभाषेचा दर्जा मिळाला. सिलेटीला मात्र तो सीमेच्या कोणत्याही बाजूला नाही.

ब्रिटनमधील बांगलादेशी समाजात मूळ सिलेटचेच लोक बहुसंख्य आहेत. जहाजांवर खलाशी म्हणून गेलेल्यांपासून ही वाट सुरू झाली, आणि पूर्व लंडनच्या गल्ल्यांतही ‘फानी’ ऐकू येते.