मांजर कुणाचं? नवी मुंबईतल्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

जिन्याखाली नवी पिल्लं दिसली की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद पेटतो. पाळलेलं मांजर घरातच ठेवा, असं काहीजण लिहितात. मांजरच ते, फिरणारच, असं उत्तर येतं. वाशीपासून बेलापूरपर्यंत या भांडणातली वाक्यं थोड्याफार फरकानं तीच असतात. तीस वर्षांपूर्वी हा प्रश्न इथे कुणाला पडलाच नसता.

मांजर माणसाकडे आलं ते धान्यातल्या उंदरांमागे, हे सांगायला नको. सायप्रसमध्ये माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं, ते सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं. तिथून थेट १८९६ च्या मुंबईतल्या प्लेगकडे यायला हरकत नाही. त्यानंतरच्या दशकात अमरावतीकडे नेमणुकीवर असलेल्या एका ब्रिटिश लष्करी डॉक्टरनं वैद्यकीय नियतकालिकांत मांडलं, की जिथे मांजरं जास्त तिथे प्लेग कमी, तेव्हा घरोघर मांजर ठेवा. (मांजरालाही प्लेग होतो, हे त्या उत्साहात मागे पडलं.) त्या काळात मांजर 'ठेवणं' म्हणजे त्याला कोंडणं नव्हे. गावभर हिंडणारं मांजर हाच तर उपाय होता.

नवी मुंबईची सुरुवातीची वर्षं मांजरांना मानवणारी होती. शहर वसवण्यासाठी १९७० मध्ये महामंडळ स्थापन झालं. वाशीत उठलेली सुरुवातीची घरं बैठी नाहीतर तीन-चार मजल्यांची, बिनलिफ्टची. तळमजल्याला ओटा किंवा निदान पायऱ्या, आणि दार दिवसभर उघडं. मुंबईतले घाऊक बाजार टप्प्याटप्प्यानं तुर्भे-वाशीला आले. त्यांच्याबरोबर धान्य आलं, धान्यामागे घुशी-उंदीर आणि त्यांच्यामागे मांजरं.

माझे वडील दाणाबाजारात एका पेढीवर हिशेब लिहायचे. पेढी इकडे आली तसे आम्हीही आलो. त्यांच्या गाळ्यात एक राखाडी भाटी होती. तिला नाव नव्हतं. तिच्या दुधाचा खर्च मात्र रोज वहीत पडायचा: 'मांजरदूध', पुढे आकडा. ते कुणाचं मांजर, असं विचारलं तर हमाल सांगायचे, गाळ्याचं. शेठचं नाही, मेहताजींचं नाही. दोन वर्षांनी भागीदारी फुटली, शेठ बदलले, तरी भाटी तिथेच आणि वहीत दुधाचा खर्चही चालू.

१९९४ मध्ये आधी बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग आणि पाठोपाठ सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची धास्ती. त्या सप्टेंबरात वडील घरी आले की आधी पाय धुवायचे आणि मग सांगायचे, आज मेलेले उंदीर किती दिसले. गाळ्यातल्या दुधाचा आकडा त्या महिन्यात दुप्पट झाला होता. मांजराला बाहेर सोडू नका, असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं.

घरातलंही तसंच होतं. कोळीण दारावर आली की तिच्या पाटीमागोमाग तीन-चार मांजरं येत. बांगड्याची डोकी एकाच्या ओट्यावर खाल्ली, झोप दुसऱ्याच्या पायपुसण्यावर काढली, आणि विण्यासाठी तिसऱ्याच्या माळ्यावर गेली. मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं, असं आजी सांगायची. आमच्या लाइनीत घरं सहाच होती, म्हणून सातवं घर म्हणजे पाण्याच्या मीटरची पेटी. फार झाली की कुणीतरी पोत्यात भरून मासळी बाजारात सोडून यायचं. याला त्या वेळी कुणी क्रूरपणा म्हटलं नाही. खरं तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्यानुसार पाळलेलं जनावर वाऱ्यावर सोडणं तेव्हाही गुन्हाच होता. पहिल्या खेपेचा दंड १० ते ५० रुपये.

या सगळ्या फिरण्यामागे एक अगदी साधं कारण होतं, जे वादात कुणी उच्चारत नाही. मांजराचं स्वातंत्र्य, त्याचा स्वभाव वगैरे भाषा नंतर आली. बाहेर सोडणं म्हणजे मुळात संडासला सोडणं होतं. मातीच्या दाण्यांची पिशवीबंद रेती अमेरिकेत १९४७ मध्ये विकायला आली आणि मांजर बारा महिने घरात ठेवणं तिथे शक्य झालं. आपल्याकडे ती ऑनलाइन खरेदीबरोबर घरोघर पोचली. गंमत म्हणजे तिच्यातली बेंटोनाइट माती आपल्याच कच्छात मुबलक निघते. त्याआधी वरच्या मजल्यावर मांजर ठेवणारे लोक शेजारच्या बांधकामावरून घमेलंभर रेती आणायचे. माझ्या मावशीनं तर बिल्डरच्या सुपरवायझरला दिवाळीचा फराळ सुरू केला होता.

१९९२ च्या मे महिन्यात मानखुर्दहून वाशीपर्यंत लोकल आली. महापालिकाही त्याच वर्षी सुरू झाली. मग इमारती वर जात राहिल्या. पाम बीच रस्त्याच्या कडेनं टॉवर उभे राहिले, तळमजल्यावर ओट्याच्या जागी गाड्या आल्या, दारासमोर रस्ता असायचा तिथे लिफ्टची लॉबी आली. मांजर चौदाव्या मजल्यावर गेलं. न्यूयॉर्कमधल्या एका दवाखान्यात उंचावरून पडलेली १३२ मांजरं आली, त्यातली ९० टक्के वाचली, असा अहवाल १९८७ मध्ये छापून आला होता. तो आकडा 'मांजर पडलं तरी काही होत नाही' असा ऐकवला जातो. जी जागच्या जागी मेली ती दवाखान्यात कशाला आणतील? इथल्या बाल्कन्यांना जाळ्या आहेत त्या कबुतरांसाठी, नायलॉनच्या. मांजर कंटाळलं की दोन दुपारीत तिला भोक पाडतं.

घरात ठेवण्याच्या बाजूचा दुसरा युक्तिवाद बाहेरून आला. अमेरिकेत मांजरं वर्षाला १.३ ते ४ अब्ज पक्षी मारतात, असा अंदाज २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातला मोठा वाटा बिनमालकाच्या मांजरांचा होता, हे पुढे पाठवताना गळतं. जर्मनीतल्या वालडोर्फ गावात २०२२ मध्ये चंडोलाच्या जातीच्या एका पक्ष्यासाठी मांजरांना काही महिने घरबंदी झाली. ऑस्ट्रेलियाच्या राजधानीच्या प्रदेशात १ जुलै २०२२ नंतर जन्मलेलं मांजर मालकाच्या आवारातच ठेवावं लागतं. इंग्लंडनं १० जून २०२४ पासून मांजराच्या कातडीखाली ओळखीची चिप सक्तीची केली, पण फिरण्यावर बंदी घातली नाही. आमच्या ग्रुपवर यातलं पहिलं आणि तिसरं फिरतं, शेवटचं नाही.

ठाणे खाडी २०१५ मध्ये रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, अभयारण्य झाली, २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली, आणि तेव्हापासून मांजरांच्या वादात फ्लेमिंगोही येऊ लागले. आता गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या फ्लेमिंगोच्या वाटेला कुठलं मांजर जाणार आहे? त्याच्या तोंडात दिसतं ते शिंपी पक्ष्याचं पिल्लू, खारीचं पिल्लू, पाल, सरडा. ते नुकसानच आहे, फक्त पोस्टर करण्याजोगं नाही.

खरा गुंता मात्र पक्ष्यांचा नाही, एका शब्दाचा आहे. 'पाळीव'.

१९६० चा कायदा दोन्ही बाजूंना हवं ते देतो. हालचाल करता येणार नाही एवढ्या छोट्या पिंजऱ्यात जनावर ठेवणं गुन्हा. हे सोडणारे वाचून दाखवतात. संसर्गजन्य रोग असलेलं आपलं जनावर जाणूनबुजून रस्त्यावर मोकळं सोडणं हाही गुन्हा. हे कोंडणारे वाचतात, 'रोग असलेलं' हे शब्द गिळून. धडधाकट मांजर बाहेर फिरू देण्याबद्दल त्या कलमात एक अक्षर नाही. पुढचे नियम कुत्र्यासाठी लिहिले गेले. २००१ च्या जन्मनियंत्रण नियमांच्या नावातच कंसात कुत्रा होता. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, असं सांगणारं २०१५ चं पत्रकही कुत्र्यांबद्दलच होतं. मांजर इतकी वर्षं कुत्र्याच्या तिकिटावर प्रवास करत आलं. पुण्याच्या महापालिकेनं २०२२ मध्ये मांजरालाही परवाना लावायचं ठरवलं, तेव्हा इकडे लोक हसले होते.

मार्च २०२३ मध्ये नवे नियम आले आणि नावातून कुत्रा गेला. 'भटका' हा शब्दही मागे पडून 'सामुदायिक प्राणी' पुढे आला: वस्तीत जन्मलेला आणि ज्याच्यावर कुणी मालकीचा दावा केलेला नाही असा, वन्यप्राणी सोडून. लस आणि नसबंदीची जबाबदारी पाळीव असेल तर मालकाची, रस्त्यावरचा असेल तर स्थानिक संस्थेची. म्हणजे शब्द कुठला लागतो यावर पैसे कुणी भरायचे ते ठरतं. आणि दावा करणं न करणं माणसाच्या हातात. सकाळी दार उघडून मांजर सोडलं, रात्री घेतलं. त्यानं कुणाला ओरबाडलं त्या दुपारी 'ते माझं कुठे, मी फक्त खायला घालते'. मांजराच्या चाव्यालाही रेबीजची लस घ्यावी लागते, त्यामुळे हा प्रश्न नुसता शब्दांचा राहत नाही.

त्याच वर्षी आमच्या नेरुळच्या सोसायटीत सर्वसाधारण सभेपुढे ठराव आला: 'सदनिकेच्या दाराबाहेर आढळणारे मांजर भटके समजण्यात येईल.' एका ओळीचा ठराव, चर्चा पावणेतीन तास. कमिटीचा हेतू मालकांना धाक बसवण्याचा होता. मांजर भटकं ठरेल या भीतीनं लोक त्याला आत ठेवतील, असा हिशेब. मांजरं नको असलेल्यांनी म्हणून बाजूनं हात वर केले. ज्यांची मांजरं दिवसभर पार्किंगमध्ये गाड्यांच्या बॉनेटवर लोळतात त्यांनीही बाजूनंच हात वर केले, कारण आता नसबंदीचा खर्च त्यांचा राहिला नाही. विरोधात गेले ते मांजर घराबाहेर न सोडणारे. दार चुकून उघडं राहिलं तर आपलं मांजर कागदोपत्री आपलं राहणार नाही, ही त्यांची भीती. त्यात नसबंदीनंतर पकडलेल्या जागीच परत सोडायचं हे तत्त्व. म्हणजे भटकं म्हटलेलं प्रत्येक मांजर सोसायटीचं कायमचं रहिवासी झालं. हे सभेत एका निवृत्त वकिलांनी समजावलं, पण तोवर ठराव मंजूर झाला होता आणि वडे आले होते.

दुसऱ्याच आठवड्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची मांजरी जिन्यात सापडली. नसबंदी झाल्याची खूण म्हणून तिच्या डाव्या कानाचं टोक कापलेलं होतं. काकूंनी तिला तशीच रस्त्यावरून आणली होती. सेक्रेटरी म्हणाले, "अहो, कान कापलाय म्हणजे भटकीच की ही."

"माझेही कान टोचलेत," काकू म्हणाल्या, "म्हणून मी काय सोनाराची झाले?" आणि लसीचं पुस्तक समोर धरलं. त्यात मांजरीचं नाव 'चिंगी' आणि मालक म्हणून काकूंचं आडनाव. कापलेला कान की पुस्तकातलं नाव, यातलं वरचढ काय, याचा निवाडा कमिटीनं पुढच्या सभेवर टाकला.

पुढच्या घडामोडी पुन्हा कुत्र्यांच्याच. सीवूड्समधल्या एका मोठ्या वसाहतीतलं खाऊ घालण्याचं भांडण उच्च न्यायालयात गेलं. सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२५ ला दिल्ली परिसरातले कुत्रे उचलण्याचा आदेश दिला, २२ ऑगस्टला तो सौम्य केला, ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, स्थानकांच्या आवारासाठी वेगळा आदेश आला. तिन्ही वेळा आमच्या ग्रुपवर 'कोर्टानं मांजरं उचलायला सांगितली आहेत' असा मेसेज पडला. तिन्ही वेळा वकीलकाकांनी लिहिलं, आदेश कुत्र्यांबद्दल आहे. तिसऱ्या वेळी त्यांनी ग्रुप सोडला.

ठराव अजून रद्द झालेला नाही. अंमलबजावणीसाठी कमिटीनं वॉचमनला आवारातल्या मांजरांची यादी करायला सांगितली. गेटवरच्या पाहुण्यांच्या वहीत मागच्या पानावर त्यानं रेघा मारल्या: रंग, खूण, मालक. नऊ ओळी भरल्या आहेत. चिंगीपुढे काकूंचा फ्लॅट नंबर आहे, तो खोडून 'भटकी' लिहिलंय आणि तेही खोडून पुन्हा नंबर. सहाव्या ओळीत आहे: 'काळी-पांढरी, शेपटी वाकडी, मालक बी विंगचा जिना.' खाली सेक्रेटरींची सही आणि सोसायटीचा शिक्का आहे.