पॅरालिम्पिक स्पर्धांचे यजमानपद

दिव्यांग खेळाडूंची पॅरालिम्पिक ही बहुक्रीडा स्पर्धा भरवण्याची जबाबदारी आणि त्यासाठी शहराने करायची तयारी. या स्पर्धा उन्हाळी व हिवाळी अशा दोन प्रकारच्या असून ऑलिम्पिक आटोपल्यावर काही दिवसांतच त्याच शहरात, बहुतेक त्याच मैदानांवर होतात. त्यांची नियामक संस्था म्हणजे १९८९ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समिती. तिचे मुख्यालय जर्मनीत बॉन येथे आहे. पॅरिसला २०२४ मध्ये सुमारे ४,४०० खेळाडू २२ खेळांतल्या ५४९ पदकांच्या स्पर्धांत उतरले. त्याच शहरातल्या ऑलिम्पिकमध्ये खेळाडू दुपटीहून अधिक होते, पण पदकांच्या स्पर्धा ३२९ होत्या. हा फरक वर्गीकरणामुळे पडतो. शंभर मीटरची शर्यत अंध, अंशतः दिसणारे, कृत्रिम पायाचे, व्हीलचेअरवरचे अशा वर्गांसाठी वेगवेगळी घ्यावी लागते. त्यामुळे माणसे कमी असली, तरी वेळापत्रक, पंच आणि पदक समारंभ यांचे काम वाढते.

इतिहास : इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल रुग्णालयात लुडविग गुटमान या डॉक्टरांनी २९ जुलै १९४८ रोजी, म्हणजे लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, १६ जखमी सैनिक स्त्री-पुरुषांची तिरंदाजी स्पर्धा घेतली. पहिली पॅरालिम्पिक मानली जाते ती रोमची, १९६० सालची. तेथे २३ देशांतले सुमारे ४०० खेळाडू आले. राहायला मिळालेल्या इमारती खांबांवर उभारलेल्या होत्या आणि वर जायला जिनेच होते. व्हीलचेअरवरच्या खेळाडूंना सैनिक उचलून वर-खाली नेत. १९६८ मध्ये मेक्सिको सिटीने नकार दिल्यावर स्पर्धा इस्राएलमध्ये झाल्या. १९७२ मध्ये म्युनिकचे क्रीडाग्राम (खेळाडूंच्या निवासाची वसाहत) ऑलिम्पिक संपताच घरांसाठी द्यायचे ठरलेले असल्याने दिव्यांग खेळाडूंची सोय हायडेलबर्गला झाली. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर यांनी ५० मी. फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवले, ते तिथेच. १९८० मध्ये मॉस्कोने स्पर्धा घेतल्या नाहीत. त्या नेदरलँड्समधील आर्नेमला गेल्या. १९८४ मध्ये व्हीलचेअर खेळाडूंच्या स्पर्धा अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात व्हायच्या होत्या. पैसे जमेनात, म्हणून शेवटच्या काही महिन्यांत त्या स्टोक मँडव्हिलला हलवल्या गेल्या.

ऑलिम्पिकची मैदाने पॅरालिम्पिकला मिळाली ती १९८८ साली सोलमध्ये. तरी अटलांटात (१९९६) दोन स्पर्धांच्या संयोजन समित्या वेगळ्या राहिल्या, आणि पहिली समिती आवरून निघत असताना दुसरीचे खेळाडू दाराशी आले; क्रीडाग्राम त्यांच्यासाठी सज्ज नव्हते. १९ जून २००१ च्या करारानंतर ऑलिम्पिक मागणाऱ्या शहराला पॅरालिम्पिकही घेणे बंधनकारक झाले. आता संयोजन समिती एकच असते. मात्र तिजोरी एक झाली की आधीच्या स्पर्धेतली तूट नंतरच्या स्पर्धेला भोगावी लागते. २०१६ मध्ये रिओत हेच झाले. ऑगस्टमध्ये तिजोरी आटली, मनुष्यबळ, वाहतूक व मैदाने यांत कपात झाली आणि देशांना द्यायचे प्रवास अनुदान रखडले. तीन आठवडे उरले असताना जेमतेम १२ टक्के तिकिटे खपली होती. दर उतरवल्यावर लोक लोटले आणि शेवटी विक्री २० लाखांपुढे गेली. म्हणून पॅरालिम्पिकसाठीचा निधी पहिल्या अंदाजपत्रकातच वेगळा काढून ठेवावा आणि त्याला हात लावू नये, हा अनुभवी संयोजकांचा आग्रह अगदी रास्त आहे.

मधले दिवस : टोकियोत दोन स्पर्धांमध्ये १६ दिवस होते, पॅरिसमध्ये १७. एवढ्यात क्रीडाग्रामातल्या खाटा, न्हाणीघरातल्या खुर्च्या व आधारदांडे बदलायचे, ऑलिम्पिकची कडी काढून पॅरालिम्पिकची तीन रंगांची बोधचिन्हे लावायची, प्रेक्षकांच्या खुर्च्या काढून व्हीलचेअरच्या जागा करायच्या, स्वयंसेवकांची नवी तुकडी उभी करायची. या दिवसांत भिंत फोडून दार रुंद करता येत नाही. दाराची रुंदी, लिफ्टचा आकार, न्हाणीघरातला उंबरठा हे इमारतीच्या आराखड्यातच ठरलेले असावे लागते. बदलायचे ते सामान, बांधकाम नव्हे, असा हिशोब ठेवला तरच हे दिवस पुरतात.

सलग वाट : विमानाच्या दारापासून स्पर्धेच्या रेषेपर्यंत आणि परत खोलीतल्या खाटेपर्यंतची वाट कुठेही तुटता कामा नये, ही यजमानाची खरी कसोटी. उतार शक्यतो १:२०, म्हणजे वीस मीटरमागे एक मीटर चढ, असा असावा. १:१२ हा चढ आखूड अंतरापुरताच. व्हीलचेअर पूर्ण फिरवायला १.५ मी. व्यासाची मोकळी जागा लागते. प्रेक्षागृहात व्हीलचेअरच्या जागा एकूण क्षमतेच्या साधारण १ ते १.२ टक्के धरतात आणि प्रत्येकीला लागून सोबत्याची एक खुर्ची. या जागा मोजून पुरत नाही. पुढची रांग उभी राहिली तरी मैदान दिसले पाहिजे. नेमके इथेच अनेक नवी मैदाने चुकतात, कारण आराखडा तपासताना सगळे प्रेक्षक बसलेले धरलेले असतात.

विमानतळावर एकाच विमानातून तीस-चाळीस व्हीलचेअर खेळाडू उतरतात. विमानातल्या अरुंद वाटेसाठी लागणाऱ्या खास खुर्च्या थोड्याच असतात, त्यामुळे उतरायलाच फार वेळ जातो. बऱ्याच खेळाडूंजवळ रोजची एक आणि खेळाची दुसरी, अशा दोन व्हीलचेअर असतात. त्यांना सामानाच्या पट्ट्यावर सोडू नये, विमानाच्या दाराशी हातात द्याव्यात. बसच्या बाबतीत चूक होते ती मोजणीत. चाळीस आसनांच्या साध्या शहरी बसमध्ये व्हीलचेअर दोन-तीनच मावतात. खुर्च्या काढून जमिनीत पट्टे बसवलेल्या बस आधीच बांधून घ्याव्या लागतात. पॅरिसच्या जुन्या मेट्रोत १४ क्रमांकाचा मार्गच पूर्णपणे पायऱ्यांविना होता. तेथे खास बस आणि सुमारे हजार सोयीच्या टॅक्सींवर भर द्यावा लागला. टोकियोने मात्र स्पर्धेच्या निमित्ताने शिंकान्सेन या वेगवान रेल्वेच्या नव्या गाड्यांत व्हीलचेअरच्या जागा सहापर्यंत नेल्या. पाहुणे गेल्यावरही त्या लोकांना उरल्या.

टोकियोच्याच क्रीडाग्रामात ऑगस्ट २०२१ मध्ये चालकविरहित विजेवरची बस चौकात वळताना एका दृष्टिबाधित ज्युदोपटूला धडकली. बस थांबवली गेली आणि पुन्हा सुरू करताना इशाऱ्याचा आवाज वाढवून चौकात माणसे वाढवण्यात आली. विजेवरच्या वाहनाचा आवाज जवळजवळ नसतो, आणि रस्ता कानांनी ओलांडणाऱ्या माणसाला तोच धोका असतो.

वर्गीकरण : स्पर्धेपूर्वी काही दिवस वर्गीकरण-पथके खेळाडूंची तपासणी करतात. पात्र दुर्बलता दहा प्रकारच्या आहेत. पथकासाठी तपासणीचा पलंग, सांध्यांचे कोन मोजायची साधने, दृष्टितपासणीची प्रकाश नियंत्रित खोली आणि खेळातल्या हालचाली करून दाखवायची जागा द्यावी लागते. काहींचा वर्ग प्रत्यक्ष स्पर्धेत निरीक्षण झाल्यावरच पक्का होतो, म्हणून निकालही तोवर पक्का धरता येत नाही. टोकियोत भारताच्या एका थाळीफेकपटूचे कांस्यपदक याच कारणाने गेले. हरकत आल्यावर त्यांना त्या वर्गासाठी अपात्र ठरवण्यात आले. हरकती ऐकून फेरतपासणीला वेळ मिळेल, इतकी मोकळीक वेळापत्रकात ठेवलेली नसेल तर अन्याय होतो.

मैदानावरचे काम : साध्या मैदानाला रॅम्प लावला की झाले, असे नाही. टी ११ वर्गातला अंध धावक मार्गदर्शक धावकाशी दोरीने जोडलेला असतो आणि जोडीला दोन मार्गिका लागतात. त्यामुळे शंभर मीटरच्या अंतिम फेरीत चारच जोड्या धावतात व प्राथमिक फेऱ्या वाढतात. पदक मार्गदर्शकालाही मिळते, म्हणून पदकमंच रुंद हवा आणि त्याला उतार हवा. अंधांच्या लांब उडीत २० सें.मी.च्या फळीऐवजी १ मी. लांब व १.२२ मी. रुंद पट्टा असतो. त्यावर भुकटी पसरतात आणि पायाचा ठसा जिथे उमटतो तिथून उडी मोजतात. प्रत्येक उडीनंतर पट्टा पुन्हा सारखा करावा लागतो.

बसून गोळा, थाळी किंवा भाला फेकणाऱ्यांची बैठक जास्तीत जास्त ७५ सें.मी. उंच चालते. ती पट्ट्यांनी जमिनीतल्या हुकांना ताणून बांधतात. बांधायला मिनिटे जातात, म्हणून खेळाडू आपल्या फेकी ओळीने घेतो. हूक चुकीच्या अंतरावर असले तर पट्टा तिरका ओढला जातो आणि ऐन फेकीत बैठक हलते. हे आदल्या दिवशी वेगवेगळ्या मापांच्या बैठकी बांधून पाहावे.

गोलबॉल या अंधांच्या खेळाचे मैदान १८ × ९ मी. असते, चेंडू १.२५ किलोचा, आत घुंगरू. रेषांच्या टेपखाली दोरी घालतात, म्हणजे बोटांना रेषा कळते. खेळ चालू असताना संपूर्ण शांतता हवी. वातानुकूलन यंत्राची घरघर, शेजारच्या सभागृहातले संगीत, दाराचा आवाज यांनी सामना बिघडतो. अंधांच्या फुटबॉलमध्ये दोन्ही बाजूंना मीटरभर उंचीच्या फळ्या लागतात. त्यांवरून चेंडू परततो आणि खेळाडूला कडेचा अंदाज येतो. बैठ्या व्हॉलीबॉलला १० × ६ मी. मैदान व पुरुषांसाठी १.१५ मी., महिलांसाठी १.०५ मी. उंच जाळी. पोहण्यात अंध खेळाडूला भिंत जवळ आल्याचे काठीच्या टोकाने टेकवून सांगतात. त्या माणसाला उभे राहायला कडेला कोरडी, मोकळी जागा ठेवावी लागते.

दुरुस्ती आणि वैद्यकीय सोय : व्हीलचेअर रग्बीत खुर्च्या मुद्दाम एकमेकींवर आदळतात. चाके वाकतात, सांगाडे तडकतात. त्यामुळे क्रीडाग्रामात वेल्डिंगसह दुरुस्तीची कार्यशाळा आणि स्पर्धास्थळी छोटी पथके ठेवतात. कृत्रिम पायांची दुरुस्तीही तिथेच होते. विजेच्या खुर्च्यांच्या बॅटरी रात्री चार्ज होतात, तेव्हा प्रत्येक खोलीतले वीजभाराचे गणित आधी करावे. मणक्याला वरच्या भागात इजा असलेल्यांना घाम येत नाही किंवा फार कमी येतो. त्यांच्यासाठी सावली, बर्फ व पाण्याचे फवारे सरावाच्या जागीही हवेत. अशाच खेळाडूंचा रक्तदाब अचानक चढू शकतो, आणि कामगिरी वाढवायला तो मुद्दाम चढवण्यावर बंदी आहे. वरचा रक्तदाब १६० किंवा अधिक भरला तर सुमारे दहा मिनिटांनी पुन्हा मोजतात आणि तरीही न उतरल्यास खेळू देत नाहीत.

पदकेही हाताला ओळखता यावीत अशी असतात. रिओच्या पदकांत पोलादी गोळ्या होत्या : कांस्यात १६, रौप्यात २०, सुवर्णात २८. हलवल्यावर प्रत्येकाचा आवाज वेगळा येई. टोकियोने कडेला खळगे दिले : सुवर्णाला एक, रौप्याला दोन, कांस्याला तीन.

भारत : दिल्लीच्या २०१० मधील राष्ट्रकुल स्पर्धांत दिव्यांग खेळाडूंच्या स्पर्धा मुख्य कार्यक्रमातच होत्या. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीतच जागतिक पॅरा ॲथलेटिक्स स्पर्धा झाली. जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये नवी धावपट्टी घातली गेली आणि भारताने २२ पदके मिळवली. मात्र त्याच परिसरात भटक्या कुत्र्यांनी दोन परदेशी प्रशिक्षकांना चावा घेतला. सगळे लक्ष धावपट्टीवर असले की सराव मैदान, वाहनतळ आणि मागची दारे अशी सुटतात. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्या आहेत आणि २०३६ च्या ऑलिम्पिकसाठीही भारताचा प्रयत्न चालू आहे. ऑलिम्पिक मिळाले तर पॅरालिम्पिकही त्याबरोबर येईल. अहमदाबादच्या क्रीडाग्रामाचे आराखडे होत असतानाच न्हाणीघरांचे उंबरठे, लिफ्टचे माप आणि व्हीलचेअरच्या बसची संख्या ठरवून टाकायला हवी.