तांब्याची ट्यूब, तांबडी माती: एक्सरे स्कॅटरिंगमधल्या करियरची पार्श्वभूमी

भाची एमएस्सी फिजिक्सला आहे. परवा घरी आली आणि म्हणाली मामा, मला एक्सरे स्कॅटरिंगमध्ये, म्हणजे पदार्थावर एक्सरे सोडून ते कसे विखुरतात त्यावरून आतली अणूंची रचना ओळखण्याच्या कामात, पीएचडी करायचीय, तर आजीला वाटलं पोरगी आता बांबोळीच्या हॉस्पिटलात लोकांच्या छातीचे एक्सरे काढत बसणार. आजीला समजवता समजवता बरंच काही निघालं, तेच इथे टाकतोय.

आधी तिच्या प्रोजेक्टचं ऐका. आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे, त्यामुळे सँपल म्हणून तिनं घरामागचीच तांबडी माती उचलली, अगेटच्या खलात मैद्यासारखी वाटली, होल्डरमध्ये काचेनं दाबून सपाट केली आणि मशीनला लावली. कुठल्या कोनात किती एक्सरे बाहेर येतात याचा आलेख हे मशीन काढतं, आणि त्यातल्या उंच टोकाला पीक म्हणतात. हेमेटाइटचा, म्हणजे मातीतल्या लोखंडाच्या खनिजाचा, मोठा पीक 33 अंशांच्या जरा पुढे यायला पाहिजे तिथे आला, पण खालची रेघ, म्हणजे बॅकग्राउंड, एवढी वर चढलेली की बारके पीक त्यात बुडूनच गेले. चूक तिची नव्हती. बहुतेक मशिनींत एक्सरे काढणारी तांब्याची ट्यूब असते, तिचे किरण 8 केइव्हीचे (केइव्ही हे ऊर्जेचं माप), आणि लोखंडाचा आतला इलेक्ट्रॉन उडवायला 7.1 केइव्ही पुरतात, मग लोखंड स्वतःच किरण सोडायला लागतं आणि डिटेक्टर त्यात न्हाऊन निघतो. कोबाल्टची ट्यूब 6.9 ची, तिथे ही भानगड होत नाही. सगळ्या जगाला चालणारं मशीन नेमकं आपल्या खनिजपट्ट्यातल्या मातीपुढे हात टेकतं याची मला तरी मजा वाटली.

आता मागे जाऊ. रोंटगेनला हे किरण 1895 च्या नोव्हेंबरात सापडले आणि डॉक्टरांनी ते लगेच उचलले, पण ते लाटा आहेत की कण यावर पुढची 15-16 वर्षं नुसती भांडणं. 1912 मध्ये म्युनिकला लाउएच्या डोक्यात आलं की स्फटिकातल्या अणूंच्या रांगांमधून हे किरण सोडून बघूया, आणि फ्रीडरिश आणि क्निपिंग या दोघांनी ते करून दाखवलं. पहिला स्फटिक कुठला, तर मोरचूद! तोच, जो आपण पावसाआधी चुन्यात कालवून सुपारीवर बोर्डो म्हणून बुरशीसाठी मारतो. फोटोप्लेटवर ठिपके उमटले. मग ब्रॅग बापलेकांनी ठिपक्यांवरून अणूंमधलं अंतर काढायचं सोपं गणित बसवलं, 1915 चं नोबेल दोघांना मिळून, मुलगा तेव्हा 25 वर्षांचा.

इथपर्यंतची गोष्ट पुस्तकांत असते. आपल्याकडचा भाग मात्र लोक गाळतात, म्हणून जरा थांबतो. 1923 मध्ये कलकत्त्यात रामन आणि रामनाथन यांनी द्रवांमधून एक्सरे कसे विखुरतात यावर काम छापलं, म्हणजे स्फटिक नसला तरी रेणू आपली खूण सोडतात हे. रामन म्हटलं की आपल्याला फक्त 1928 चा प्रकाशाचा रामन इफेक्ट आठवतो. त्यांच्याच हाताखालच्या केदारेश्वर बॅनर्जींनी 1930 च्या सुमारास नॅप्थलीनची रचना काढली, कपाटातल्या डांबरगोळीतलं तेच नॅप्थलीन. आणि मद्रासला जी. एन. रामचंद्रन, 1952 मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ बर्नाल तिथे येऊन गेला आणि कोलॅजनचं, म्हणजे कातडी आणि स्नायुबंधातल्या प्रोटीनच्या रचनेचं, कोडं सांगून गेला, मग कांगारूच्या शेपटीतला स्नायुबंध मिळवून रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी 1954-55 मध्ये तीन पदरी पीळ मांडला.

करियर म्हणून बघायचं तर ब्रिटिश शास्त्रज्ञ डोरोथी हॉजकिनचं बघा. इन्सुलिनचा पहिला एक्सरे फोटो 1930 च्या दशकाच्या मध्याला, रचना मिळाली 1969 मध्ये. तीसेक वर्षं एक रेणू! मधे पेनिसिलिन झालं, बी-12 झालं, 1964 चं नोबेलही झालं, तरी इन्सुलिन बाकीच. शेवटच्या टीममध्ये आपले एम. विजयन होते, ते नंतर बंगळूरला आले आणि इथे प्रोटीन क्रिस्टलोग्राफीची, म्हणजे स्फटिकावरून प्रोटीनची रचना काढणाऱ्यांची, एक पिढीच उभी राहिली. हे शास्त्र गुरूच्या हाताखाली बसूनच पसरलंय.

धंदा बदलला तो सिंक्रोट्रॉनमुळे, म्हणजे इलेक्ट्रॉन प्रचंड वेगानं गोल फिरवणाऱ्या मोठ्या यंत्रामुळे. गोल फिरणारे इलेक्ट्रॉन एक्सरेसकट प्रकाश सांडतात, कणांवर प्रयोग करणाऱ्यांना तो वाया जाणारा खर्च वाटायचा, पण 1971 मध्ये होम्स, रोझेनबाउम आणि विट्झ यांनी हॅम्बुर्गला त्याच सांडलेल्या प्रकाशात किड्याच्या पंखाच्या स्नायूचा फोटो काढला. त्याच वर्षी प्रोटीन डेटा बँक, म्हणजे प्रोटीनच्या रचनांचा सगळ्यांना खुला साठा, सुरू झाली, अवघ्या 7 रचना घेऊन. आता तिथे 2 लाखांच्या वर आहेत. आपल्याकडे इंदूरला इंडस-1 हा सिंक्रोट्रॉन 1999 मध्ये, नंतर इंडस-2, 172 मीटर घेराची. जपानमध्ये सुकुबा, इटलीत त्रिएस्ते इथे भारताच्या बीमलाइनी आहेत, म्हणजे हा प्रकाश प्रयोगापर्यंत आणणाऱ्या वाटा. पण बीमटाइम, म्हणजे तिथे काम करायची वेळ, मागावा लागतो, प्रपोजल लिहायचं, मिळाला तर दोन-तीन दिवस रात्रंदिवस पाळ्या लावायच्या, आणि मग सहा महिने त्या डेटाशी झटापट. म्हणून आज या कामात रसायनवाला, जीववाला, कोडिंगवाला सगळे दिसतात. व्यंकी रामकृष्णन यांची पीएचडी फिजिक्सची, नंतर जीवशास्त्र नव्यानं शिकून रायबोसोमपर्यंत, म्हणजे पेशीतल्या प्रोटीन बनवणाऱ्या यंत्रापर्यंत, गेले, नोबेल 2009. प्रोटीनमध्ये आता क्रायो-ईएमनं (गोठवलेल्या नमुन्याचा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) बराच वाटा खाल्लाय हेही खरं, पण बॅटरी, पॉलिमर, मातीबिती यांना एक्सरेच लागतो.

आणि सगळ्यांनाच परदेशी जायला नको. वेर्ण्याच्या औषध कारखान्यांकडे बघा. एकच औषध दोन प्रकारे स्फटिक होतं आणि एक प्रकार नीट विरघळत नाही. 1998 मध्ये रिटोनाविर या एचआयव्हीच्या औषधाचा असाच नको तो प्रकार अचानक उगवला आणि कॅप्सूल बाजारातून मागे घ्याव्या लागल्या. तेव्हापासून पावडरचा एक्सरे पॅटर्न बघणारा माणूस औषधवाल्यांना लागतोच.

आजीचा शेवटचा प्रश्न पैशांचा होता. नेटची परीक्षा काढून जेआरएफ, म्हणजे पीएचडीची सरकारी फेलोशिप, मिळाली तर महिना 37,000, म्हटल्यावर गप्प बसली. भाची सध्या कोबाल्टची ट्यूब असलेलं मशीन शोधतेय. मातीची डबी आमच्या फ्रीजवर आहे, आजी ती दोनदा तुळशीत ओतायला निघाली होती.