शोषित समूहांतील भावना आणि हिंसेचे समर्थन

अन्याय सोसणाऱ्या समूहातील माणसे हिंसेला केव्हा आणि का पाठिंबा देतात, याचा सामाजिक मानसशास्त्रातील अभ्यास. इथे पाठिंबा म्हणजे स्वतः हत्यार उचलणे नव्हे. हिंसा योग्य मानणाऱ्यांपैकी फार थोडे ती करतात.

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ वॉल्टर रन्सिमन यांनी १९६६ मध्ये ‘मी मागे पडलो’ आणि ‘आम्हाला मागे ठेवले’ या दोन जाणिवा वेगळ्या केल्या. सामूहिक उठावाचे मूळ दुसरीत असते. पण वंचितता सर्वत्र दिसते, हिंसा मात्र क्वचित. हा फरक नुसत्या गाऱ्हाण्यांनी उलगडत नाही, म्हणून संशोधकांचे लक्ष भावनांकडे वळले. समूहाशी नाते घट्ट असेल, तर कधी न पाहिलेल्या माणसाचा अपमानही स्वतःच्या जिव्हारी लागतो.

राग माणसाला हिंसेकडे नेतो, असे सरसकट मानले जाते. ते अपुरे आहे. निकोल टाउश व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये जर्मनीतील शुल्कवाढविरोधी विद्यार्थी, भारतीय मुस्लिम आणि ब्रिटिश मुस्लिम यांचे अभ्यास प्रसिद्ध केले. त्यांत रागाचा संबंध मुख्यतः मोर्चा, निवेदन अशा सनदशीर मार्गांशी आढळला, तर हिंसक मार्गांच्या समर्थनाशी जोडलेली भावना होती तिरस्काराची. हे पटण्याजोगे आहे. रागावलेला माणूस समोरच्याकडून अजून काही अपेक्षितो. तिरस्कार करणाऱ्याने ती अपेक्षाच सोडलेली असते. शिवाय आपल्या कृतीने काही बदलेल हा विश्वास सनदशीर मार्गाला बळ देतो. तो विश्वास नसताना, गमावण्यासारखे काही उरले नाही या भावनेतून हिंसा मान्य होऊ शकते.

दक्षिण आफ्रिकेत शार्पव्हिल येथे २१ मार्च १९६० रोजी पोलिसांच्या गोळीबारात ६९ निदर्शक मारले गेले. पुढच्याच महिन्यात वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसवर बंदी आली. डिसेंबर १९६१ मध्ये तिच्या सशस्त्र शाखेची घातपाताची मोहीम सुरू झाली, तेव्हा सनदशीर विरोधाच्या वाटा कायद्यानेच बुजवलेल्या होत्या.

मानखंडनेचा परिणाम मात्र उलटा दिसू शकतो. जेरेमी गिंजेस आणि स्कॉट अट्रान यांना पॅलेस्टिनी लोकांत आढळले की अपमानाचा अनुभव हिंसेचे समर्थन घटवतो आणि तडजोडीची तयारीही. माणूस गोठून जातो. वरून शांत दिसणाऱ्या समूहाला समाधानी समजण्याची चूक इथेच होते.

बहुतेक निष्कर्ष प्रश्नावल्यांवर उभे आहेत, आणि पाळतीखाली जगणाऱ्याला खरे उत्तर महागात पडू शकते. शोषितांचा राग जितका मोजला जातो, तितके दडपणाऱ्यांचे भय आणि तुच्छताभावही मोजले जायला हवेत.