मॉनलिस्ट: वेळ सांगणाऱ्या सर्व्हरांतून पूर कसा आला

संगणकांची घड्याळे नेटवर्कवरून जुळवणारा एनटीपी हा प्रोटोकॉल डेव्हिड मिल्स यांनी रचला. त्याचा पहिला मसुदा, आरएफसी ९५८ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा क्रमांकित दस्तऐवज), १९८५ मध्ये निघाला. पुढे डेलावेअर विद्यापीठात त्याचा विस्तार झाला आणि तिथूनच एनटीपीडी हा सर्व्हर जगभर पसरला. सॉफ्टवेअरमधल्या त्रुटींच्या सीव्हीई या यादीत सीव्हीई-२०१३-५२११ या क्रमांकाने नोंदवलेली त्रुटी याच एनटीपीडीतली. तिच्या आधारे हल्लेखोर या सर्व्हरांकरवी तिसऱ्याच कोणावर उत्तरांचा पूर सोडत.

एनटीपीच्या पॅकेटात, म्हणजे नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्यात, मोड नावाचा तीन बिटांचा रकाना असतो. वेळ विचारणारा क्लायंट मोड ३ वापरतो, सर्व्हर मोड ४ ने उत्तर देतो. प्रश्न ४८ बाइटांचा, उत्तरही तेवढेच, त्यामुळे इथे गैरवापराला फारसा वाव नाही. मोड ७ मात्र प्रत्येक सॉफ्टवेअरने आपापल्या खासगी कामासाठी वापरायचा होता. एनटीपीडीने तो एनटीपीडीसी या देखभालीच्या साधनाला दिला. त्यातली मॉनलिस्ट ही आज्ञा सर्व्हरशी अलीकडे बोललेल्या जास्तीत जास्त ६०० पत्त्यांची यादी देते. कोणता क्लायंट सर्व्हरला सतत छळतोय हे शोधायला ती सोयीची होती.

घोळ आकारात आहे. मागणी अवघ्या ८ बाइटांत करता येते. उत्तरात एका पॅकेटात सहा नोंदी, प्रत्येकी ७२ बाइट. म्हणजे यादी भरलेली असेल तर १०० पॅकेट, सुमारे ४४,००० बाइट. शिवाय वाहतूक यूडीपी या पॅकेट पाठवण्याच्या साध्या पद्धतीवरून, पोर्ट १२३. टीसीपीसारखा आधी हस्तांदोलनाचा टप्पा नसल्याने पाठवणाऱ्याचा पत्ता खरा आहे का, हे सर्व्हर तपासतच नाही. हल्लेखोर तिथे लक्ष्याचा पत्ता घालतो आणि सगळे उत्तर त्या लक्ष्याच्या अंगावर जाते. खोट्या पत्त्याची पॅकेट उगमापाशीच अडवा, अशी शिफारस बीसीपी ३८ या इंटरनेटच्या शिफारसपत्रात २००० सालीच केलेली होती. अनेक नेटवर्कांनी ती पाळली नाही.

खटकते ते दुरुस्तीचे वेळापत्रक. एप्रिल २०१० मधल्या एनटीपीडीच्या ४.२.७पी२६ या आवृत्तीत मॉनलिस्ट काढून तिच्या जागी एमआरयूलिस्ट आली. ती मोड ६ वर चालते आणि यादी देण्याआधी मागणाऱ्याला एक नॉन्स, म्हणजे एकदाच वापरायचा संकेत, पाठवते. तो परत आला तरच पत्ता खरा, मग यादी. पण ४.२.७ ही विकासाची शाखा होती. लोक वापरत होते ती ४.२.६ ही स्थिर शाखा, आणि ४.२.८ यायला डिसेंबर २०१४ उजाडला. दरम्यान राउटर आणि सर्व्हर-व्यवस्थापनाच्या चिपांमध्येही जुना एनटीपीडी बसला होता; तिथे अपडेट करायचे कोणाच्या मनातही येत नाही.

डिसेंबर २०१३ च्या अखेरीस ऑनलाइन गेमच्या सर्व्हरांवर असे हल्ले सुरू झाले. जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेच्या सर्ट या संगणक-सुरक्षा पथकाने इशारा दिला, त्यात मागणीच्या तुलनेत उत्तराच्या वाढीचे प्रमाण ५५६.९ पट नोंदवले होते. फेब्रुवारीत संकेतस्थळांना संरक्षण पुरवणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीच्या एका ग्राहकावर ४०० गिगाबिट प्रतिसेकंदाच्या जवळपास मारा झाला. त्यासाठी १,२९८ नेटवर्कांतले फक्त ४,५२९ सर्व्हर पुरले होते. त्यानंतर मात्र पळापळ झाली आणि काही महिन्यांतच अशा उघड्या सर्व्हरांची संख्या ९० टक्क्यांहून जास्त घटली.

अपडेट शक्य नसेल तिथे कॉन्फिगरेशन फाइलमधल्या रिस्ट्रिक्ट डिफॉल्ट ओळीत नोक्वेरी जोडावे, आयपीव्ही६ या नव्या प्रकारच्या पत्त्यांच्या ओळीतही. ती हमखास विसरली जाते. नोक्वेरीने वेळ देणे थांबत नाही, फक्त देखभालीचे प्रश्न नाकारले जातात. पोर्ट १२३ सरसकट बंद केला तर मात्र आपलेच घड्याळ भरकटते. दुसरा उपाय डिसेबल मॉनिटर, म्हणजे पत्त्यांची यादी ठेवणेच बंद करणारी ओळ. त्यातली मेख अशी की रिस्ट्रिक्ट ओळीत लिमिटेड हा शब्द असेल, तर मॉनिटर बंद होत नाही, कारण कोण किती वेगाने मागण्या करतोय हे मोजायला तीच यादी लागते. म्हणून बदल करून सेवा पुन्हा सुरू केल्यावर बाहेरच्या एखाद्या यंत्रावरून एनटीपीडीसीने मॉनलिस्ट मागून पाहावी. यादी न येता टाइमआउट झाला पाहिजे.