शिवज्योत (कोकण)

शिवज्योत : छत्रपती शिवाजी महाराजांच्या गडावर पेटवलेली मशाल हातोहात धावत गावापर्यंत आणण्याची प्रथा. घाटावर पन्हाळा, प्रतापगड, शिवनेरी येथून अशा ज्योती निघतात. कोकणात त्या मुख्यतः रायगडाहून आणि मालवणच्या बाजूला सिंधुदुर्ग किल्ल्यावरून आणल्या जातात.

शासकीय शिवजयंती १९ फेब्रुवारीला असते, तिथीप्रमाणे ती फाल्गुन वद्य तृतीयेला येते. कोकणात या तिथीला वेगळे वजन आहे. होळी पौर्णिमा होऊन तीनच दिवस झालेले असतात, शिमगा रंगात असतो, ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरत असते आणि मुंबईचे चाकरमानी गावात असतात. एरवी वाडीत धावायला दहा पोरे जमायची नाहीत, त्या दिवसांत ती सहज जमतात. रायगडावरचा सार्वजनिक शिवोत्सव १८९६ चा, लोकमान्य टिळकांच्या पुढाकारातला. ज्योत धावत नेण्याची रीत त्या मानाने अलीकडची असली, तरी गावांनी ती आपलीशी केली आहे.

रायगडावर जगदीश्वराच्या मंदिरासमोरील महाराजांच्या समाधीला वंदन करून ज्योत पेटवतात. गड उतरताना धावत नाहीत. पायऱ्या झिजलेल्या आहेत आणि हातात आग असते. पायथ्याशी पाचाडला जिजाऊंच्या समाधीपुढे माथा टेकला की खरी दौड सुरू होते. चिपळूणकडे जायचे तर महाड, पोलादपूर, कशेडी घाट, खेड असा शंभरावर किलोमीटरचा रस्ता आहे. दिवसाचे ऊन टाळायला बहुतेक धाव रात्रीच होते. पुढे मोटारसायकल, मध्ये धावणारा, मागे टेंपोत बाकीची मुले. दम लागला की मशाल दुसऱ्याच्या हाती जाते आणि धावून आलेला टेंपोत चढतो. महामार्गावर अवजड वाहने असतात, तेव्हा टेंपोला मागून ठळक दिवे लावणे आणि पोलीस ठाण्यात आधी कळवणे यात हयगय होता कामा नये.

मशाल साधीच असते : लोखंडी नळी, टोकाला वाटी, तीत तारेने आवळलेल्या सुती चिंध्या. रेशनचे रॉकेल दुर्मीळ झाल्यापासून डिझेलही वापरतात, पण त्याचा धूर काळा आणि डोळ्यांना झोंबणारा. चिंधी फार भिजली तर पेटते थेंब नळीवरून मनगटापर्यंत ओघळतात, म्हणून ती बुडवून, पिळून मगच गुंडाळायची. वारा पाठीमागून आला की ज्वाला धावणाऱ्याच्या तोंडासमोर झुकते, आणि मग हात उंच, अंगापासून लांब धरावा लागतो. टेंपोत याच आगीवर पेटवलेला एक कंदील ठेवणे शहाणपणाचे. मशाल विझली तर काडी ओढायची नाही, कंदिलावरून पेटवायची. गडावरची आग ती हीच, अखंड, एवढ्यासाठी तर हा सगळा खटाटोप असतो.

सिंधुदुर्गाहून ज्योत आणताना वाट पाण्यातून आहे. १६६४ मध्ये कुरटे बेटावर या किल्ल्याचे बांधकाम सुरू झाले. आत राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वराचे मंदिर आहे. मालवणच्या धक्क्यापर्यंत होडीतून यावे लागते. खाऱ्या वाऱ्यात पेटती मशाल होडीत धरणे धोक्याचे, तिथे कंदिलाचाच आधार घ्यावा.

ऑलिंपिकची ज्योतयात्रा ही या प्रथेची दूरची भावंड म्हणता येईल. ती १९३६ च्या बर्लिन स्पर्धेपासून सुरू झाली. ग्रीसमधील ऑलिंपिया येथे अंतर्वक्र आरशाने सूर्यकिरण एकवटून ज्योत पेटवतात. तिथे धावक बदलला की मशालही बदलते, ज्वाला तेवढी पुढे जाते. आपल्याकडे मशाल एकच, हात बदलतात. हिवाळी स्पर्धांची पहिली ज्योतयात्रा १९५२ च्या ऑस्लोची, आणि ती आपल्याला अधिक जवळची वाटावी. ती आग ग्रीसहून आली नव्हती. नॉर्वेतील मोर्गेदाल गावी, स्कीइंगचे आद्य प्रवर्तक सोंद्रे नोर्हेम यांच्या घरातल्या चुलाण्यात ती पेटवली आणि ९४ स्कीपटूंनी बर्फावरून ऑस्लोला नेली. ऑलिंपियाची ज्योत हिवाळी स्पर्धेला प्रथम १९६४ मध्ये, इन्सब्रुकला पोहोचली.

गावाच्या वेशीवर ज्योत पहाटे किंवा सकाळी पोहोचते. सुवासिनी धावणाऱ्यांच्या पायांवर पाणी घालतात, मशालीला ओवाळतात. शेवटचा टप्पा सगळे मिळून अनवाणी धावतात. चौकात महाराजांच्या मूर्तीपुढची समई त्या ज्योतीवर लावली जाते, आणि मशाल वाळूच्या बादलीत उभी करून चिंध्या संपेपर्यंत जळू देतात.