बैरूतच्या लेखिकांची युद्धकादंबरी : आघात आणि ओळख

लेबनॉनचे यादवी युद्ध १३ एप्रिल १९७५ रोजी पेटले आणि १९९० मध्ये थांबले. या काळात आणि नंतरही बैरूतमध्ये राहिलेल्या किंवा तिथून परागंदा झालेल्या स्त्रियांच्या कादंबऱ्यांचा एक ठळक प्रवाह तयार झाला. घादा अल-सम्मान, हनान अल-शेख, एतेल अदनान, एमिली नसरल्ला आणि हुदा बरकात ही त्यातली प्रमुख नावे. युद्धाने माणसांची काय अवस्था केली हे या कादंबऱ्या सांगतातच, पण त्यांचे मुख्य म्हणणे त्याहून बोचरे आहे : बाईची जखम युद्धाच्या आधीची आणि घरातली असते, युद्ध तिला फक्त रस्त्यावर आणते.

त्या वेळी लेबनॉनच्या ओळखपत्रावर धर्मपंथाची नोंद असे. सशस्त्र टोळ्या नाक्यांवर ओळखपत्रे तपासत आणि ‘दुसऱ्या’ पंथाचा माणूस सापडला की त्याला तिथेच संपवत. ६ डिसेंबर १९७५ च्या ‘काळ्या शनिवारी’ बैरूतमध्ये अशा हत्यांचे थैमान झाले. ओळख म्हणजे आपण कोण हा मनाचा शोध, अशी चैन या लेखिकांना परवडणारी नव्हती. मूळच्या सीरियातील दमास्कसच्या घादा अल-सम्मान (जन्म १९४२) हॉटेलांच्या परिसरातील लढाईत आपल्या घरात अडकून पडल्या होत्या. त्यातून ‘कवाबीस बैरूत’ (बैरूतची दुःस्वप्ने, १९७६) ही कादंबरी आली. तिच्यातील निवेदिकेचा प्रियकर अशाच एका नाक्यावर पंथापायी मारला गेला आहे. पुस्तकाला प्रकरणे नाहीत, क्रमांक घातलेली दुःस्वप्ने आहेत. शेजारच्या दुकानात विक्रीसाठी कोंडलेले प्राणी उपाशी तडफडत असतात आणि वाचकाला जागेपण कुठे संपते ते कळेनासे होते.

या प्रवाहातील सर्वांत महत्त्वाची कृती, प्रस्तुत लेखकाच्या मते, हनान अल-शेख यांची ‘हिकायत झहरा’ (झहराची कहाणी, १९८०). प्रकाशकांनी नाकारल्यामुळे लेखिकेने ती स्वखर्चाने छापली आणि पुढे अनेक अरब देशांत तिच्यावर बंदी आली. झहरा दक्षिण लेबनॉनमधून आलेल्या शिया कुटुंबातली. आई प्रियकराला भेटायला जाताना संशय येऊ नये म्हणून लहानग्या झहराला सोबत नेते. कडक शिस्तीचा बाप मारतो आणि ताटातला चांगला घास भावाला मिळतो. झहरा चेहऱ्यावरच्या पुटकुळ्या खरवडत राहते. पुढे एका विवाहित पुरुषाशी संबंध आणि गर्भपात येतात. बैरूतपासून सुटका व्हावी म्हणून ती आफ्रिकेत मामाकडे जाते, तर तिथेही मामाची लगट. त्यापासून पळण्यासाठी केलेले लग्न मोडते आणि तिच्या मनाचा तोल ढळतो. एवढे सगळे घडून जाते तरी युद्ध अजून सुरूही झालेले नसते.

युद्ध आल्यावर झहरा शांत होते, हे या कादंबरीचे अस्वस्थ करणारे धाडस. सगळे शहरच विस्कटल्यावर तिचे विस्कटलेपण वेगळे उरत नाही. जवळच्या इमारतीच्या गच्चीवर एक बंदूकधारी दबा धरून येणाऱ्या-जाणाऱ्यांना टिपत असतो. त्याचे लक्ष विचलित करता आले तर माणसे वाचतील, अशा विचाराने ती त्याच्याकडे जाते. त्यातून संबंध जुळतो आणि शरीरसुखाचा अनुभव तिला आयुष्यात पहिल्यांदा याच माणसाकडून येतो. ती गरोदर राहते, तो लग्नाचे वचन देतो, आणि त्याच्याकडून परतताना रस्त्यात तिला गोळी लागते. गोळी त्याचीच, असे मरणाऱ्या झहराला वाटते. आणखी एक गोष्ट नीट पाहायला हवी : पूर्वार्धातील काही भाग मामा आणि नवरा स्वतः सांगतात. तिच्यावर अन्याय करणाऱ्यांना लेखिकेने बोलायला जागा दिली, म्हणूनच त्यांचे आंधळेपण झाकले जात नाही.

एतेल अदनान (१९२५–२०२१) यांची ‘सित् मारी रोझ’ फ्रेंचमध्ये लिहिलेली आहे. आई ग्रीक, वडील दमास्कसचे, शिक्षण फ्रेंच ननांच्या शाळेत, त्यामुळे भाषेचा प्रश्न त्यांच्यापुरता कधीच सोपा नव्हता. पॅलेस्टिनी निर्वासितांना मदत केली म्हणून ख्रिस्ती टोळीने मारलेल्या एका ख्रिस्ती शिक्षिकेची ही कथा १९७६ मधील प्रत्यक्ष हत्येवर बेतलेली आहे. मारी रोझ, तिला पकडणारे तरुण, एक पाद्री आणि तिच्या शाळेतली मूकबधिर मुले आळीपाळीने बोलतात. आपल्या जमातीची ठरलेली ओळख नाकारणे हाच तिचा गुन्हा.

हुदा बरकात यांच्या ‘हजर अल-दहिक’ (हास्याचा दगड, १९९०) या कादंबरीत नायक पुरुष आहे. खलील मृदू आहे आणि त्याची ओढ पुरुषांकडे आहे. प्रत्येक चकमकीनंतर तो आपली खोली घासूनपुसून स्वच्छ करतो. जिवलग एकेक करून मारले जातात, आणि शेवटी तोही शस्त्रधाऱ्यांत सामील होऊन शेजारणीवर बलात्कार करतो. इथपर्यंत लपून राहिलेली लेखिका तेव्हा स्वतःच्या आवाजात येते आणि त्याच्यापासून दूर होते. युद्ध पुरुष कसा घडवते याचे इतके नेमके चित्रण क्वचितच सापडते.

मिरियम कुक या अमेरिकन अभ्यासिकेने १९८० च्या दशकात यातील काही लेखिकांना ‘बैरूत विकेंद्रवादी’ असे नाव दिले. पुरुषांच्या लेखनात लढाई आणि विचारसरणी केंद्रस्थानी असते, तर या स्त्रिया देशात टिकून राहण्याची जबाबदारी मांडतात, असे त्यांचे प्रतिपादन. एमिली नसरल्ला यांना ते शोभते, झहराला मात्र नाही. टिकून राहण्यातून तिला कोणतेही नैतिक बळ मिळत नाही.

ऑगस्ट १९९१ मध्ये लेबनॉनच्या संसदेने सर्वसाधारण माफीचा कायदा केला. हजारो माणसे बेपत्ता असताना मारणारे सुटले आणि काही टोळीप्रमुख मंत्रीही झाले. बेपत्तांचा शोध घेण्यासाठी स्वतंत्र कायदा व्हायला २०१८ उजाडले. मधल्या काळात स्मरणाचे काम कादंबरीकडे आले. इमान हुमैदान यांच्या १९९७ मधील पहिल्या कादंबरीत एकाच इमारतीतल्या चार स्त्रिया आपापले युद्ध सांगतात. अलविया सुब्ह यांच्या ‘मरियम अल-हकाया’ (२००२) मध्ये मैत्रिणींच्या आठवणी सांगून त्या जपणे हाच कथेचा गाभा आहे. हुदा बरकात यांच्या ‘बरीद अल-लैल’ला २०१९ चे आंतरराष्ट्रीय अरबी कादंबरी पारितोषिक मिळाले. त्यात मायदेश सुटलेल्या अरबांची पत्रे आहेत. ती ज्यांच्यासाठी लिहिली त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत, भलत्याच माणसांच्या हाती पडतात.